सापडलेला दात कोणाचा? कवटी-दातांवरून नामशेष सस्तन प्राणी ओळखताना

हाड मोडतं, कुजतं, पाण्याबरोबर घरंगळत जाऊन गोटा होतं. दात टिकतो. दातावरचं एनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, शरीरात त्याहून कठीण काही नाही. म्हणून गोदावरी, प्रवरा, मांजरा किंवा नर्मदेच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून जे हाती लागतं त्यात ओळख पटवण्याजोगे बहुतेक तुकडे दातांचे असतात. अख्खी कवटी मिळाली तर नशीब. या लेखात उदाहरणं मुख्यतः याच नद्यांच्या हिमयुगातल्या प्राण्यांची घेतली आहेत. मध्ये गरज पडेल तिथे शिवालिक टेकड्यांत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी, आणि बाहेर डोकावू.

आधीच एक गोष्ट सांगतो, कारण नवख्यांची सगळी घाई इथेच होते. दात हातात आला की थेट जातीचं नाव ठोकायचं नसतं. वर्ग, गण, कुल, प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) अशा पायऱ्या उतरत जायचं आणि पुरावा जिथे संपेल तिथे थांबायचं.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, मऊ ब्रश, मोजपट्टी, वही-पेन्सिल. एवढं पुरे. ॲसिड लावू नका आणि तुटलेले तुकडे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका. तो सांधा नंतर उघडता येत नाही आणि चुकीचा जोडला असेल तर माप कायमचं बिघडतं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलनेसाठी आजच्या प्राण्यांच्या कवट्या. मटणाच्या दुकानातून बोकडाची मुंडी आणा, उकळा, मांस काढून जबडा वाळवा. पुस्तकातल्या पन्नास आकृत्यांनी जे कळत नाही ते या एका जबड्याने कळतं. वरच्या जबड्यात पुढे दातच नाहीत, खाली पुढे आठ दात एका रांगेत, मग मोठी मोकळी जागा आणि मागे दाढा. रवंथ करणाऱ्या प्राण्यांची ही ठेवण एकदा बोटांना माहीत झाली की जबड्याचा मोकळ्या जागेसकटचा तुकडासुद्धा बोलायला लागतो. जमल्यास कुत्रा, डुक्कर आणि घोडा यांच्या कवट्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात बघून घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या हाडांचा तुलनात्मक संग्रह आहे आणि महाराष्ट्रातल्या नद्यांच्या जीवाश्मांवर तिथे कित्येक दशकं काम झालं आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधलं शिवालिकचं दालन बघायला मिळालं तर सोडू नका.

पहिली पायरी: जुना आहे का, आणि सस्तन आहे का?

नदीकाठच्या चिखलात पाच वर्षं पडलेला बैलाचा दातही काळा पडतो. रंगावर जाऊ नका. जीवाश्म झालेला दात आकाराच्या मानाने जड लागतो, दुसऱ्या दगडावर हलकेच आपटला तर खणखणीत वाजतो आणि पोकळ्यांत बहुधा चुनखडीचे कंकर किंवा वाळू घट्ट बसलेली असते. तरी खरा निर्णय थरावरून होतो. दात पक्क्या थरात रुतलेला होता की सुट्या वाळूत पडलेला, हे लिहून ठेवलं नसेल तर पुढची सगळी मेहनत अर्धी वाया जाते.

सस्तन प्राण्याची खूण तीन ठिकाणी शोधा. खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते, तर सरपटणाऱ्यांत ती अनेक हाडं जोडून बनते. कवटीच्या मागे, मणका जिथे टेकतो तिथे, दोन गोलसर उंचवटे असतात, मगरीत एकच. आणि दाढांना दोन किंवा जास्त मुळं असतात. आपल्या नद्यांच्या थरांत मगरीचे दात आणि कासवाच्या पाठीचे तुकडे भरपूर मिळतात, त्यामुळे ही चाचणी नुसती पुस्तकी नाही. मगरीचा दात शंकूसारखा आणि मुळाशी पोकळ असतो, चावण्याच्या पृष्ठभागावर कसलीही रचना नसते.

दोन मुळांचं महत्त्व पटवणारी जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत सापडलेल्या एका प्रचंड प्राण्याला रिचर्ड हार्लन यांनी 1834 मध्ये समुद्री सरपटणारा प्राणी समजून बॅसिलोसॉरस, म्हणजे राजा-सरडा, असं नाव दिलं. 1839 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याचे दात तपासले, मागच्या दातांना दोन-दोन मुळं दिसली, आणि तो सस्तन, खरं तर आद्य देवमासा, हे ठरलं. ओवेन यांनी नवं नाव सुचवलं, पण आधीचं नाव टिकतं या नियमामुळे देवमासा आजही सरड्याचं नाव वागवतो.

दुसरी पायरी: दात जागेवर बसवा

प्राणी कोणता हे विचारण्याआधी दात कुठला हे ठरवा. पुढचा पटाशीचा, सुळा, उपदाढ की दाढ? वरचा की खालचा? उजवा की डावा? साधारणपणे वरच्या दाढा रुंद, चौकोनी आणि तीन किंवा जास्त मुळांच्या, तर खालच्या अरुंद, लांबट आणि दोन मुळांच्या असतात. शेजारचा दात जिथे घासला गेला तिथे सपाट गुळगुळीत ठसा असतो, त्यावरून पुढची-मागची बाजू कळते. मागे ठसाच नसेल, तर बहुधा रांगेतली शेवटची दाढ.

जबडा मिळाला असेल तर दंतसूत्र मांडा, म्हणजे एका बाजूचे पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा या क्रमाने. वार असलेल्या सस्तनांचं मूळ सूत्र वर-खाली 3-1-4-3, एकूण 44 दात. रानडुकराने ते अजून जपलंय. बाकीच्यांनी कमी केलं: कुत्र्याचे 42, मांजराचे 30, माणसाचे 32. शिशुधानी, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या, प्राण्यांचा हिशोबच वेगळा. 1936 मध्ये संपलेल्या टास्मानियाच्या थायलासिनची कवटी समोर ठेवली तर भलेभले तिला कुत्र्याची म्हणतील. पण वर एका बाजूला पटाशीचे चार दात मोजा, कुत्र्याला तीन असतात. मागे चार दाढा मोजा, कुत्र्याला वर दोनच. टाळूला मागच्या बाजूला दोन मोठी भोकं असतात आणि खालच्या जबड्याचा मागचा कोपरा आत वळलेला असतो. शिकारीचं काम सारखं असल्यामुळे बाहेरचा आकार सारखा झाला. वंश मात्र या बारीक खुणांत शिल्लक राहतो.

दुधाच्या दातांपासून सावध. गायी-बकऱ्यांच्या कुळात खालच्या शेवटच्या दुधाच्या दाताला तीन पाळ्या, म्हणजे फुगीर उभे भाग, असतात आणि खालच्या तिसऱ्या दाढेलाही तीन. फरक असा की दाढेत तिसरी, मागची पाळी छोटी आणि शेपटासारखी असते. दुधाच्या दातात तिन्ही पाळ्या पुढून मागे मोठ्या होत जातात, एनॅमल पातळ असतं आणि मुळं फाकलेली. हे बघायला लांब जायला नको. दुकानातला बोकड बहुधा वर्षभराचाच असतो, त्यामुळे तुम्ही उकळलेल्या मुंडीत तो तीन पाळ्यांचा दात जागेवरच सापडेल.

तिसरी पायरी: चावण्याचा पृष्ठभाग वाचा

इथे वेळ घालवा. दात उजेडात तिरका धरा, म्हणजे एनॅमलच्या कडा सावलीत उठून दिसतात. आणि वहीत त्याचं चित्र काढा. फोटो काढलात तरी चित्र काढाच, कारण काढताना डोळा प्रत्येक वळणावर थांबतो.

बोथट गोलसर उंचवटे असतील तर मिश्र खाणारा: डुक्कर, अस्वल, माकड, माणूस. चंद्रकोरीच्या आकाराच्या जोड्या असतील तर रवंथ करणारे. आडव्या कडा असतील तर गेंडा, हत्ती वगैरे. कात्रीसारखं पातं असेल तर मांसाहारी.

मांसाहाऱ्यांत पातं कोणत्या दाताचं आहे हे बघा, कारण गण त्यावरच ठरतो. वाघ, कुत्रा, तरस यांच्या गणात वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही कात्रीची जोडी. नामशेष झालेल्या हायनोडॉन्ट गणात हे काम मागच्या दाढांकडे होतं, मुख्य जोडी वरच्या दुसऱ्या आणि खालच्या तिसऱ्या दाढेची. शिवालिकमधला डिसॉप्सालिस त्यांच्यापैकीच. सुटं पातं बघून वाघ-तरस ठरवण्याआधी ते जबड्यात कितव्या जागेवर होतं हे विचारायचं ते यासाठी.

आता आपल्या नद्यांकडे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो गाय आणि घोडा यांच्यात. दोघांचे दात उंच, दोघांवर एनॅमलच्या वळणदार रेषा. गायीच्या वरच्या दाढेत चंद्रकोरीच्या दोन जोड्या वेगवेगळ्या वाचता येतात आणि जिभेच्या बाजूला दोन पाळ्यांच्या मधोमध एक छोटा सुटा खांब असतो. खालच्या दाढेत असाच खांब गालाच्या बाजूला. घोड्याची वरची दाढ चौकोनी खांबासारखी, सिमेंटने (दातावरच्या हाडासारख्या थराने) लपेटलेली, एनॅमलची रेषा फार नागमोडी आणि जिभेच्या बाजूला एक चपटा फुगवटा बाहेर आलेला. खालच्या दाढेत जिभेच्या बाजूला दोन गाठी जोडीने दिसतात. ती जोडगाठ दिसली की घोडा. हरणांचे दात आकाराने लहान, बुटके आणि एनॅमलने खरबरीत असतात.

गाय ठरली, पण बॉस नमॅडिकस हा रानबैल की बुबॅलस पॅलिइंडिकस ही रानम्हैस? एकट्या दाढेवरून खात्रीने सांगणं अवघड. शिंगाच्या आतलं हाड मिळालं तर काम होतं: बैलाचं आडवं कापलेलं गोलसर दिसतं, म्हशीचं त्रिकोणी. हरणाची शिंगं तर भरीव हाडाचीच असतात, त्यामुळे तिथे गोंधळाचा प्रश्न नाही.

गेंड्याच्या वरच्या दाढेवर, विशेषतः अर्धवट झिजल्यावर, गणितातल्या पाय या चिन्हाचा आकार दिसतो: बाहेरची एक लांब भिंत आणि तिच्यापासून आत निघालेल्या दोन आडव्या. एकदा पाहिला की विसरत नाही.

पाणघोडा. हो, महाराष्ट्रात पाणघोडे होते आणि गोदावरीच्या थरांत त्यांचे अवशेष मिळतात. दाढ झिजली की प्रत्येक उंचवट्याचा आकार बेलाच्या पानासारखा तीन पाकळ्यांचा होतो. डुकराच्या दाढेवर सुरकुत्या आणि बारीक गाठींची गर्दी असते, असं स्वच्छ बेलपान उमटत नाही. सुळ्यावर लांबीच्या दिशेने खोल रेघा असतील तरी पाणघोड्याची शंका घ्या. आपल्याकडचा पाणघोडा हेक्साप्रोटोडॉन, म्हणजे खाली पुढे सहा दातांचा. आजच्या आफ्रिकी पाणघोड्याला तिथे चार असतात. पण नर्मदा-गोदावरीच्या हेक्साप्रोटोडॉन पॅलिइंडिकसमध्ये दोन्ही बाजूंचा मधला दात इतका लहान झालेला आणि शेजाऱ्यांमध्ये चेपून वर सरकलेला असतो की चटकन चारच मोजले जातात. मोजताना जबड्याच्या हाडाच्या कडेशी छोटी खाच आहे का ते भिंगातून बघा.

हत्तीसाठी स्वतंत्र वेळ काढा

हत्तीची दाढ म्हणजे उभ्या चपट्या पट्ट्यांची एकामागे एक रांग. प्रत्येक पट्टीभोवती एनॅमल, आत डेंटिन (दाताचा मुख्य, थोडा मऊ भाग), मधल्या फटीत सिमेंट. आयुष्यभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात. त्या खालून वर उगवत नाहीत, मागून पुढे सरकत येतात. त्यामुळे पुढचा भाग झिजून गळत असताना मागचा अजून हिरडीखाली असतो.

आधी दाढ स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष नातेवाइकाची की खऱ्या हत्तीची ते बघा. स्टेगोडॉनच्या कडा बुटक्या आणि बाजूने पाहिल्यास घराच्या छपरासारख्या उतरत्या असतात, माथ्यावर छोट्या गाठींची रांग आणि मधल्या दऱ्यांत सिमेंट कमी. खऱ्या हत्तीत पट्ट्या उंच, जवळजवळ समांतर आणि फटी सिमेंटने भरलेल्या.

मग पट्ट्या मोजा. मात्र ही शेवटची दाढ आहे की आधीची, हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आजच्या आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेत पट्ट्या 20 च्या पुढे जाऊ शकतात, पहिल्या दुधाच्या दाढेत मोजक्याच असतात. पुढचा भाग झिजून गळला असेल तर उरलेल्या आकड्याआधी अनंताचं चिन्ह लावायची पद्धत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की काही पट्ट्या गेल्या आहेत. याशिवाय 10 सेंटिमीटरमध्ये किती पट्ट्या बसतात ते मोजा आणि एनॅमलची जाडी तीन-चार जागी घ्या. पॅलिओलॉक्सोडॉन नमॅडिकस या नर्मदा-गोदावरीच्या महाकाय हत्तीच्या पट्ट्या आशियाई हत्तीपेक्षा कमी आणि विरळ असतात, आणि काहींच्या मधोमध एनॅमल किंचित टोकदार बाहेर येतं. कवटी असेल तर वादच नको: कपाळावर पुढे झुकलेला हाडाचा जाडजूड कंगोरा फक्त त्याचाच.

शिवालिकचे स्टेगोडॉन इन्सिग्निस आणि स्टेगोडॉन गणेश हे दोघे ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या एकोणिसाव्या शतकातल्या शिवालिक-अभ्यासकांच्या काळापासून ओळखीचे. गणेशच्या कवटीत सुळे प्रचंड आणि इतके जवळजवळ की मधून सोंड जायला जागा नसावी. पण दाढा दोघांच्या सारख्याच. म्हणून नुसती दाढ मिळाली की अभ्यासक दोन्ही नावं जोडून लिहितात. त्यांची ही सवय उचला.

चौथी पायरी: कवटी असेल तर

दातांनी कुल सांगितलं की कवटीला दुसरी साक्ष म्हणून बोलवा. डोळ्याच्या खोबणीमागे हाडाचा पूर्ण दांडा आहे का? घोडा, गाय आणि माकडात असतो, कुत्र्यात नसतो. नाकाची हाडं मागे सरकली आहेत का? तसं असेल तर सोंड किंवा सोंडेसारखा ओठ संभवतो. डोक्यावर मधोमध उंच कंगोरा असेल तर जबड्याचे स्नायू दांडगे.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कान. जम्मूच्या कालाकोट भागातून ए. रंगा राव यांनी इंडोह्यस हा छोटा प्राणी 1971 मध्ये नोंदवला. दातांवरून तो समखुरी (गाय-डुकरासारख्या सम खुरांच्या) गणातला, एवढंच दिसत होतं. त्यांनी जमवलेले दगड पुढे जीवाश्म-अभ्यासक जे. जी. एम. थेविसेन यांच्याकडे गेले. तिथे कवटी साफ करताना कानाचं हाड फुटलं, आणि आतली भिंत विलक्षण जाड निघाली. अशी भिंत तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. 2007 मध्ये इंडोह्यसचं कुल देवमाशांचं सगळ्यात जवळचं नातेवाईक म्हणून पुढे आलं. कानाभोवतीचा दगड घाईने कोरू नका, आणि शक्य असेल तर सीटी स्कॅन होईपर्यंत हातही लावू नका.

पाचवी पायरी: स्वतःच्या निष्कर्षावर संशय घ्या

झीज सगळ्यात मोठी फसवी. नेब्रास्कातल्या एका झिजलेल्या दातावरून हेन्री फेअरफिल्ड ऑसबॉर्न यांनी 1922 मध्ये हेस्परोपिथेकस नावाचा वानर जाहीर केला. त्याच जागी आणखी खोदल्यावर तो दात पेकारी या डुकरासारख्या प्राण्याचा निघाला आणि 1927 मध्ये दावा मागे घेतला गेला. दात फार झिजला असेल तर कुलापर्यंतच जा.

तुटका जबडा ही दुसरी. हिमाचलच्या हरितल्यांगर इथे 1932 मध्ये मिळालेल्या वरच्या जबड्याच्या तुकड्याला रामापिथेकस नाव मिळालं आणि कित्येक वर्षं तो माणसाचा पूर्वज मानला गेला. तुकड्यात जबड्याची मध्यरेषाच नव्हती. दुसरी बाजू आरशातल्यासारखी काढताना कमान माणसासारखी गोल करणं अभ्यासकांच्या हातात होतं, आणि ती तशी झाली. पुढे पाकिस्तानच्या पोटवार पठारावर सिवापिथेकस या नामशेष वानराचा चेहरा मिळाला, 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. तो ओरँगउटानच्या जवळचा होता, आणि रामापिथेकस सिवापिथेकसमध्येच विलीन झाला. हरवलेली बाजू कागदावर काढणार असाल तर ठिपक्यांच्या रेषेने काढा, सलग रेषेने नको.

आणि लहान दात विसरू नका. तेलंगणातल्या नस्कल इथे दख्खनच्या लाव्हांमधल्या गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी 1988 मध्ये डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी हा डायनोसॉरांच्या काळातला सस्तन नोंदवला. जातीनाम नागपूरचे मिशनरी आणि जीवाश्म-संग्राहक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून आहे. हे दात दोनेक मिलिमीटरचे, नुसत्या डोळ्यांनी गाळात दिसणारच नाहीत. गाळ भिजवून बारीक चाळणीतून धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण निवडायचा.

शेवटची पायरी: नाव कसं लिहायचं

प्रजातीपर्यंत पोचलात पण जात कळली नाही, तर प्रजातीपुढे एसपी (sp.). एखाद्या जातीसारखं दिसतं पण खात्री नाही, तर मध्ये सीएफ (cf., म्हणजे तुलना करा). कुलाच्या पुढे जाता येत नाही, तर कुलाचं नाव आणि इंडेट (indet., म्हणजे अनिश्चित). यात कमीपणा काहीच नाही. संग्रहालयांतल्या कपाटांत इंडेट लिहिलेल्या चिठ्ठ्या ढिगाने आहेत, आणि पुढचा माणूस त्यांवरच काम करतो.

थरात रुतलेला दात किंवा कवटी दिसली तर उपटू नका. फोटो, जीपीएस, थराचं वर्णन घ्या आणि डेक्कन कॉलेज, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. नांदूर मधमेश्वरसारखी जुनी जीवाश्म-जागा आज पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

हाती आलेल्या प्रत्येक नमुन्याचे चावण्याची बाजू, गालाची, जिभेची, पुढची आणि मागची असे पाच फोटो मोजपट्टीसकट घ्या. चिठ्ठीवर एवढं पुरतं: बोव्हिडी (गायी-बकऱ्यांचं कुल) इंडेट, खालची उजवी तिसरी दाढ, मध्यम झिजलेली, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, नदी, गाव, थर, तारीख. चिठ्ठी हरवते, म्हणून क्रमांक दातावरही टाका, पण मुळाच्या बाजूला. एनॅमलवर नको.